अडीच थाऊची फट

इंजिन बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला वडिलोपार्जित असल्यासारखा चालत आला आहे: थोडं ढिलं ठेवा, ढिलं इंजिन निदान जाम तरी होत नाही. इंजिन शर्यतीचं असेल तर या सल्ल्याला नियमाचं रूप मिळतं. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या जर्नलच्या व्यासाला दर इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढी फट, आणि जास्त आरपीएमसाठी वर अर्धा थाऊ. शेव्हरोलेचं ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक घेऊ. १९६७ साली कॅमारोसोबत आलेलं हे इंजिन हौशी आणि व्यावसायिक मिस्त्रींनी पिढ्यान्‌पिढ्या उघडलं, बांधलं. त्याचा रॉड जर्नल २.१० इंचांचा आणि मेन जर्नल २.४५ इंचांचा. नियम लावला की रॉडच्या बिग एंडला २.६ आणि मेनला जवळजवळ तीन थाऊ येतात. हे आकडे चुकीचे नाहीत, या फटींवर इंजिनं नीट चालली आहेत. पण माझ्या मते त्या एका आकड्यात दोन रकमांची बेरीज दडलेली असते. एक रक्कम तेलाला लागणाऱ्या जागेची. दुसरी आपल्या कामातल्या खोटीची तरतूद: जर्नल कुठे निमुळता, बोअर कुठे लंबगोल, माप घेताना हात कुठे चुकला. पहिली रक्कम पदार्थविज्ञान ठरवतं आणि तिच्याशी घासाघीस चालत नाही. दुसरी वर्कशॉप ठरवतं, आणि ती कमी करता येते. ‘परफॉर्मन्ससाठी’ म्हणून आपण जी जादा फट देतो, तिचा मोठा भाग या दुसऱ्या खात्यावर पडतो.

तेलाला जागा लागते म्हणजे काय, हे समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकात जावं लागतं. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर रेल्वेच्या ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर फिरत्या शाफ्टने तेल त्या भोकातून उलट बाहेर ढकललं. भोक बुजवायला लाकडी खुंटी ठोकली, तीही तेलाने उडवून लावली. १८८३ साली त्याने हे निष्कर्ष मांडले आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित दिलं. शाफ्ट बेअरिंगच्या मधोमध कधीच फिरत नाही. भाराने तो एका बाजूला सरकतो, फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे चिंचोळी होते, आणि फिरणारा पृष्ठभाग तेलाला त्या चिंचोळ्या भागात ओढत नेतो. भार उचलणारा दाब तेलाच्या या पाचरीत जन्मतो. ऑइल पंपाचा दाब चार-पाच बारचा, बिग एंडमधल्या तेलाच्या फिल्मचा दाब मात्र शेकडो बारपर्यंत चढतो. शाफ्टला उचलून धरणं हे पंपाचं काम नाही, त्याने फक्त तेल पुरवत राहायचं. तरीही डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्याकडे पाहून बेअरिंगची तब्येत सांगणारे बरेच भेटतात.

यातून फटीबद्दल दोन गोष्टी निघतात. भर भाराखाली सर्वांत चिंचोळ्या जागी फिल्म जेमतेम मायक्रॉनच्या घरात असते, मग आपण ठेवलेली फट पन्नास मायक्रॉन असो की सत्तर. फट वाढवली म्हणून ही पातळ जागा जाड होत नाही. इतर सगळं तेच ठेवून फट वाढवली तर पाचर उथळ राहत नाही, शाफ्ट आणखी एका बाजूला सरकतो आणि भार तेलाच्या आखूड पट्ट्यावर येतो. दुसरी गोष्ट गळतीची. पंपाच्या दाबाने बेअरिंगच्या कडांमधून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दोन थाऊचे अडीच केले की फट पंचवीस टक्के वाढते, पण गळती जवळजवळ दुप्पट होते. तीन थाऊ केले तर ती सव्वातीनपटीच्या पुढे जाते. स्मॉल ब्लॉकमध्ये बिग एंडला तेल मेन बेअरिंगमधूनच, क्रँकच्या आतल्या भोकांतून मिळतं. म्हणजे मेनला उदार हाताने फट द्यायची आणि उपासमार बिग एंडची करायची, असा हा व्यवहार आहे. बिग एंडच्या कडांमधून उडालेलं जादा तेल सिलिंडरच्या भिंतींवर आपटतं, ते खरवडण्याचा भार ऑइल रिंगवर पडतो, आणि क्रँक तेलाच्या फवाऱ्यात फिरल्याने जी ताकद वाया जाते तिचा हिशेब वेगळाच.

शिवाय इंचाला एक थाऊ हा नियम त्याच्या तेलासकट जन्मला होता, आणि आपण तेल विसरून आकडा तेवढा उचलला. एसएई ५० दर्जाच्या तेलाची चिकटाई शंभर अंश सेल्सियसला १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असते. ३० दर्जाच्या तेलाची ९.३ ते १२.५, आणि २० दर्जाची ६.९ ते ९.३. म्हणजे २०डब्ल्यू-५० साठी ठरवलेली फट ५डब्ल्यू-३० ला तशीच दिली, तर जवळजवळ निम्म्या चिकटाईच्या तेलाकडून तेच काम मागितलं जातं. आपल्याकडे अजूनही बरीच जुनी इंजिनं २०डब्ल्यू-५० वर चालतात, म्हणून ही गफलत लवकर उघडी पडत नाही. अमेरिकेतल्या नॅसकारच्या इंजिनांनी उलटी वाट धरली. पातळ तेल, आणि त्याच्या जोडीला रॉड जर्नलच लहान: १.८८८ इंचांचा, ज्याला तिथले लोक होंडा जर्नल म्हणतात. २.१० इंची जर्नलचा पृष्ठभाग ७,००० आरपीएमला सेकंदाला साडेएकोणीस मीटर पळतो. व्यास घटला की हा वेग, त्यासोबत तेलातलं घर्षण आणि उष्णता, सगळंच घटतं. वेगाच्या धंद्यातल्या माणसांनी जर्नल लहान केला, तेल पातळ केलं आणि फट आवळली. त्यांना हे परवडलं, कारण त्यांचे जर्नल आणि बोअर खरोखर गोल असतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जास्त आरपीएमला क्रँक वाकतो, रॉडचा बिग एंड ताणला जातो, मग जादा फट नको का? हवी. पिस्टन आणि रॉडच्या जडत्वाचा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, वरच्या टोकाला, पिस्टनला थोपवणारा गॅसचा दाब जवळजवळ नसतो, तेव्हा रॉडचं भोक उभं ताणलं जातं आणि जोडाच्या रेषेवर, म्हणजे आडवं, आत दबतं. बेअरिंगचे शेल मधोमध जाड आणि जोडाकडे पातळ बनवलेले असतात ते यासाठीच, आणि फट नेहमी जोडाशी काटकोनात मोजायची तीही यासाठीच. तेव्हा अर्ध्या थाऊची ती जादा तरतूद थोतांड नाही. पण ती रॉड किती ताठ आहे, बोल्ट किती ओढलेला आहे आणि आरपीएमची मर्यादा कुठे आहे, यावर ठरायला हवी. ताठ फोर्ज्ड रॉड, ६,५०० ची मर्यादा आणि रस्त्यावरची गाडी, आणि तरी फट ड्रॅग रेसिंगची, हा वाढत्या अंगाचा म्हणून चाळिशीतल्या माणसाला शिवलेला सदरा झाला.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक असतो: फट कमी पडली तर बेअरिंग क्षणात धरतं आणि क्रँक जातो, जास्त झाली तर फक्त ऑइल प्रेशर जरा कमी दिसतं. दोन चुकांची किंमत सारखी नाही, मग स्वस्त चूक का करू नये? मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. चूक होणारच हे गृहीत धरलं तर तो बिनतोड आहे. पण प्रश्न चूक किती मोठी होणार याचा आहे, आणि ते मोजता येतं. फट म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. ६२ मिलिमीटरच्या आसपासच्या दोन मापांतून पन्नास-साठ मायक्रॉन उरतात, आणि प्रत्येक मापाची चूक त्या उरलेल्यात जमा होते. म्हणून मायक्रोमीटर जर्नलवर लावून लॉक करायचा आणि डायल बोअर गेज त्याच मायक्रोमीटरमध्ये शून्य करायचा. मायक्रोमीटर दोन-तीन मायक्रॉन खोटं बोलत असेल तरी ते खोटं दोन्हीकडे सारखं लागतं आणि वजाबाकीत कटतं. कोरा नवा महाग मायक्रोमीटर घेण्यापेक्षा ही सवय जास्त उपयोगी.

तापमानाचंही असंच. मापाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान वीस अंश आहे, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ते कुठून आणायचं, असं विचारून लोक विषय सोडून देतात. कास्ट आयर्नचा ब्लॉक, स्टीलचा क्रँक आणि स्टीलचा मायक्रोमीटर तिघेही एकाच अडतीस अंशांवर असतील तर फारसं बिघडत नाही, कारण तिघेही साधारण सारखेच वाढतात. घात होतो तो फरकाने. ब्लॉक रात्रभर आत ठेवलेला आणि क्रँक आत्ताच गरम पाण्याने धुऊन आणलेला. दहा अंशांचा फरक असला तर मेन जर्नल सात मायक्रॉन मोठा दिसेल, म्हणजे पाव थाऊहून अधिक. हातात धरून ठेवलेला मायक्रोमीटरही तापतो. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकची गोष्ट निराळी: तो लोखंडाच्या दुपटीने वाढतो, त्यामुळे थंड असताना घट्ट वाटणारी फट गरम झाल्यावर उघडते, आणि तिथे लोखंडी ब्लॉकचा आकडा नेऊन लावणं म्हणजे ढिलाईवर ढिलाई.

प्लॅस्टिगेज पुरेसं आहे, हा तिसरा आक्षेप. मेणासारखी ती बारीक काडी जर्नलवर ठेवायची, कॅप टॉर्कला आवळायची, उघडून तिची चपटी रुंदी पट्टीशी ताडायची. फेरतपासणीला ती चांगली आहे, शेल चुकीच्या साईझचा बसला तर लगेच सांगते. पण ती एका रेषेवरची फट सांगते. जर्नल कडेला निमुळता आहे का, बोअर लंबगोल आहे का, हे तिला कळत नाही, आणि आपल्या दुसऱ्या रकमेत नेमका हाच ऐवज असतो. कॅपचे बोल्ट काढून स्टड घातले की ओढ बदलते आणि बोअरचा आकारही. मग लाइन होनिंग टाळून फक्त काडी दाबून पाहण्याला अर्थ उरत नाही. माप घेताना शेल बसवलेले हवेत, कॅप पूर्ण टॉर्कला हवी, बोल्टला तेच वंगण हवं जे शेवटच्या जुळणीत असणार आहे. शेलच्या पाठीमागे तेल किंवा कचरा नको. क्रँक हाताने सहज फिरतो म्हणून सगळं ठीक, ही कसोटी तर मी धरतच नाही. चार थाऊचं बेअरिंगही हाताने छान फिरतो.

तेव्हा शेवटी काम कागदावर येतं. पाच मेन आणि चार रॉड जर्नल, प्रत्येकी दोन कोनांत आणि दोन्ही कडांना, कारण स्मॉल ब्लॉकच्या एकेका रॉड जर्नलवर दोन-दोन रॉड बसतात. सगळी फट अडीच थाऊच्या आसपास आणि एकसारखी आली तर त्याच तेलावर आणखी आवळावं का, याचा विचार करता येतो. मेन क्रमांक तीन एकटा २.९ दाखवत असेल आणि बाकीचे २.३, तर तिथे एका बाजूला साधा शेल आणि दुसऱ्या बाजूला एक थाऊ अंडरसाईझचा शेल घालून साधारण अर्धा थाऊ आवळता येतो. हा रास्त उपाय आहे, पण जर्नल गोल असेल तरच. जर्नल कडेपासून कडेपर्यंत अर्धा थाऊ निमुळता निघाला, तर शेल बदलून आकडा सुधारेल आणि जर्नल तसाच राहील. तो क्रँक ग्राइंडिंगला परत गेला पाहिजे, आणि दहा थाऊ अंडरसाईझ करून आला की सगळी मापं पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागतात.