१०९ दारांचं घर



चातुर्मास लागला की आम्ही गाव सोडत नाही, म्हणून जूनच्या सुरुवातीलाच मॉरिशस करून आलो. निम्मी बॅग खाकरे आणि दशम्यांनीच भरली होती. समुद्राचे फोटो तुम्ही स्टेटसवर पाहिलेतच. लिहायचंय ते एका घराबद्दल.

मोका गावात ‘युरेका’ नावाचा जुना लाकडी बंगला आहे, १८३० च्या सुमाराचा. १८५६ मध्ये तो ल क्लेझिओ या फ्रेंच वंशाच्या घराण्यानं लिलावात घेतला. बोली आपल्यावर सुटताच मालक आनंदानं ‘युरेका!’ ओरडला, म्हणून हे नाव, असं सांगतात. प्रशस्त व्हरांडा, हिरवीगार बाग, मागे दरीत मोका नदीचे धबधबे. आणि दारं १०९! माळेचे १०८ मणी आणि वरचा मेरू, असा हिशेब माझ्या मनात आपोआप झाला. दारं इतकी, कारण वारा खेळता राहावा. पुण्यात आपण दोन खिडक्यांच्या हॉलमध्ये एसी लावून बसतो.

मला व्हरांड्यातून उठावंसंच वाटेना. हे म्हणाले, “चल, अजून आप्रवासी घाट बघायचाय.”

हा घाट पोर्ट लुईच्या बंदरावर आहे. १८३५ मध्ये बेटावरची गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. त्यात मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणातले लोकही होते. घाटाच्या पायऱ्या चढून ती बेटावर शिरली. त्यांची नावं लिहिलेली रजिस्टरं आज महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत, आणि ती संस्थाही मोकातच, त्या बंगल्याच्याच गावात. त्यांची मराठी पतवंडं अजून घरी गणपती बसवतात. चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते.

एक गोष्ट मात्र घशात अडकली. तिथल्या मळ्यांवर एक रीत होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी असला तरी.

प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण म्हणतो. त्यातला ‘अतिभार’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी बैलगाडी यायची. आपल्या फ्लॅटमध्ये कुठला आलाय बैल, म्हणून तो शब्द मी पटकन ओलांडायचे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी संगमेश्वरच्या. गेल्या वर्षी आमची संवत्सरी आणि त्यांचे गणपती नेहमीसारखे एकदमच आले. मला अठ्ठाई होती, पारण्याला तीस माणसं. मावशी पाच दिवसांची सुट्टी घेऊन गावी गेल्या आणि नवव्या दिवशी परतल्या. सासूबाई आजारी पडल्या होत्या म्हणे. मी ‘म्हणे’ म्हटलं आणि चार दिवसांचे पैसे कापले. त्याच आठवड्यात तीनशे जणांना मी ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवलं होतं. मावशींच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आहे. त्यांना पाठवायचं मला सुचलंही नाही.

परत आल्यावर महिन्याच्या पाकिटात ते चार दिवसांचे पैसे घातले. मावशींनी मोजले. “वहिनी, जास्त आलेत.”

“गेल्या गणपतीचे आहेत. तेव्हा माझं चुकलं.”

त्यांनी पाकीट कमरेला खोचलं, बरं की वाईट काही बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या ‘जाऊ द्या हो’ म्हणतील. त्यांनी ते म्हटलं नाही, आणि मलाही विचारवलं नाही.

मग भांडी घासून झाल्यावर मी त्यांना फोटो दाखवले. समुद्र त्यांनी भराभर सरकवला, कोकणातल्या बाईला त्याचं काय कौतुक! युरेकाच्या व्हरांड्यापाशी मात्र थांबल्या. फोटो मोठा करून बघितला.

“दारं किती?”

“एकशे नऊ.”

“आणि पुसायला बाया किती होत्या?”

ते मी तिथं विचारलंच नव्हतं.