काशीतल्या गच्चीवरचे शेजारी

काशीत बैलांपासून आणि घाटाच्या पायऱ्यांपासून जपून राहा, असे यात्रेकरूला सगळे सांगतात. माकडांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या बाजूला उतरलात, तर पहिल्याच सकाळी त्यांची ओळख होते.

हा भाग म्हणजे काशीतली जुनी मराठी वस्ती. पेशवाईच्या काळापासून वैदिकांची, शास्त्र्यांची घराणी इथे येऊन राहिली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे. वर गच्च्या मात्र एकमेकींना खेटलेल्या. माणसांची वाट खालून, माकडांची वरून! म्हणूनच इथल्या घरांना जागोजाग लोखंडी जाळ्या दिसतात. चौकावर जाळी, खिडकीला जाळी, कुठे कुठे सबंध गच्चीच पिंजऱ्यासारखी बंद केलेली. ''आम्ही आत, ते बाहेर,'' असे आमच्या आत्याबाई हसून म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून त्या याच वाड्यात आहेत.

ही माकडे लाल तोंडाची, आखूड शेपटीची. महाराष्ट्रात दिसणारे लांब शेपटीचे, डोक्यावर टोपीसारखे केस असलेले माकड वेगळे आणि काळतोंडे वानर आणखी वेगळे. काशीत त्यांना मान आहे. अठराव्या शतकात नाटोरच्या राणी भवानीने बांधलेल्या दुर्गाकुंडाच्या देवळाला परदेशी पाहुणे 'माकडांचे देऊळ' म्हणूनच ओळखतात. संकटमोचन तर हनुमंताचेच स्थान. पण मान मिळाला म्हणून खोडी जात नाही. 2015 साली घाटांवर इंटरनेटसाठी टाकलेल्या तारा माकडांनी कुरतडून टाकल्या, त्याची बातमी जगभर गेली होती.

आम्ही गेलो ते मे महिन्यात. उत्तरेत माकडिणींची पिल्ले साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मतात, त्यामुळे प्रत्येक कठड्यावर पोटाशी बिलगलेले एखादे पिल्लू दिसे. आत्याबाईंनी जाळीबंद गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि आमची सात वर्षांची चिमी राखणीला बसली होती. एवढ्यात जाळीवर खेळणारे एक पिल्लू गजांमधल्या फटीतून थेट आत, कुरडयांवर पडले.

ते किंचाळले आणि बाहेर एकच हलकल्लोळ उठला. आई जाळीला लटकून आत हात घालू लागली. एक दांडगा नर तोंड उघडून चिमीकडे रोखून पाहू लागला. मी धावणार, तोच आत्याबाईंनी माझा दंड धरला.

''चिमे, पिल्लाला हात लावू नकोस. त्यांच्या डोळ्यांत बघू नकोस. खाली बघत हळूहळू माझ्याकडे ये.''

चिमी आली. कशी आली ते तीच जाणे! ती जिन्यात पोचल्यावर आत्याबाईंनी लांब काठीने जाळीच्या दाराची कडी काढली, आम्हा सगळ्यांना आत घेतले आणि जिन्याचे दार लावून घेतले.

दाराआड उभ्या उभ्याच त्यांनी सांगितले, की रोखून पाहणे ही माकडांच्या भाषेत धमकी; आपण उलट पाहिले, की भांडण स्वीकारले. दात विचकतात ते बहुधा भीतीने. आणि पिल्लाला माणसाने धरलेले दिसले, तर सबंध टोळी अंगावर येते. चावलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. रेबीजच्या लशीत चालढकल नाही. हळद-चुना लावून घरी बसणाऱ्यांवर त्यांचा फार राग.

थोड्या वेळाने वर गेलो. पिल्लू नव्हते. निम्म्या कुरडयाही नव्हत्या. समोरच्या कठड्यावर ती आई पिल्लाला पोटाशी घेऊन बसली होती, दोन्ही गाल गच्च भरलेले. चिमीने तिच्याकडे पाहिले आणि चटकन नजर खाली वळवली. आत्याबाईंनी कडी लावली आणि सूनबाईंना हाक मारून पुन्हा गहू भिजत घालायला सांगितले.