पेटी पुढच्या गावाला गेली

सिनेमाची पेटी यायची ती एस.टी.च्या टपावरून, नाहीतर दौंड-मनमाड लाइनीवरच्या एखाद्या पॅसेंजरनं. पत्र्याची, कोपरे चेपलेली, कडीला तार गुंडाळलेली. आत रिळांचे गोल डबे. अडीच तासांच्या चित्रपटाची चौदा-पंधरा रिळं, म्हणजे हमालाचा खांदा भरून यावा एवढं वजन. मुंबई-पुण्यात चालून झालं की सिनेमा नगरला लागायचा. नगरहून संगमनेर, श्रीरामपूर. तिथं दमला की पाथर्डी, जामखेड, आणि अगदी शेवटी जत्रेतल्या तंबूत. तंबूत पोचेपर्यंत त्याच्या अंगावर इतके ओरखडे उठलेले असत की पडद्यावर बाराही महिने पाऊस. रीळ कुठं तुटलं की ऑपरेटर चार फूट कापून टाकून दोन टोकं चिकटवायचा. म्हणून आमचा नायक उंबऱ्यात उभा दिसायचा आणि पापणी लवायच्या आत घोड्यावर. मधलं आम्ही मनानं भरून घ्यायचो.

नगर हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसारा, १४ तालुके. एखादा सिनेमा या जिल्ह्यात शिरला की वर्षभर बाहेर पडायचा नाही. "गेला का हो?" असं टॉकीजच्या दारात विचारलं तर उत्तर मिळायचं, "शेवगावला गेला." म्हणजे ओळखीचं गाव, ठरलेला रस्ता, आणि मुक्कामाला मावशी असली तर फारच उत्तम. चुकलेल्या सिनेमाला पत्ता असायचा. तो गाठायचा की नाही, हे आपल्या सायकलीवर आणि वडिलांच्या मर्जीवर.

आता सिनेमा जातो तेव्हा कुठंच जात नाही. तो जिथं साठवलेला असतो तिथंच असतो, त्याच यंत्रात, एकही ओरखडा न पडता. फक्त आपल्यासाठी नसतो. काल रात्री अर्धा पाहून ठेवलेला, आज जेवणं आटोपून बसावं तर पडद्यावर एक ओळ: तुमच्या भागात हे सध्या उपलब्ध नाही. महावितरणच्या नोटिशीची हीच भाषा, फरक एवढाच की त्या नोटिशीत वीज परत कधी येणार ते लिहिलेलं असतं.

यात कुणाचा दुष्टावा नसतो, हेच जरा चिडवणारं आहे. दुष्टावा असता तर भांडता आलं असतं. निर्मात्याकडे चित्रपट असतो म्हणजे खरं तर हक्कांची एक जुडी असते. चित्रपटगृहाचा हक्क वेगळा, टीव्हीचा वेगळा, ॲपचा वेगळा, गाण्यांचा बहुतेकदा कुठल्या तरी संगीत कंपनीकडे. ॲपवाला त्यातला एक हक्क ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक देशांपुरता भाड्यानं घेतो. मुदत सरत आली की हिशेबनीस बघतो, किती लोकांनी किती वेळ पाहिला. आकडा बरा असेल तर करार वाढतो. नसेल तर एका मध्यरात्री फळा पुसला जातो. ३१ मार्च २०२३ ला एचबीओच्या सगळ्या मालिका एका ॲपवरून अशाच उठल्या आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या ॲपवर जाऊन बसल्या. पहिल्या ॲपचं वर्षाचं रिचार्ज केलेले लोक मागं राहिले. क्वचित प्रसंगी कारण हिशेबाचं नसतं. जानेवारी २०२४ मध्ये 'अन्नपूरणी' हा तमिळ चित्रपट तक्रारी झाल्यावर नेटफ्लिक्सनं काढूनच टाकला. पण बहुतेक जाणारे असे गाजावाजा करून जात नाहीत. महिनाअखेरीला जातात, भाडेकरूसारखे.

ॲपही जागच्या जागी कुठं राहतं? २०१५ साली 'हॉटस्टार' होतं, पाच वर्षांनी त्याच्या नावाआधी 'डिस्नी' आलं, २०२५ च्या फेब्रुवारीत 'जिओ' आलं. दहा वर्षांत तीन नावं. आमच्या शहराला दुसरं नाव मिळायला १४९० पासून २०२४ पर्यंत थांबावं लागलं.

तर या सगळ्यात माझं स्वतःचं दुखणं म्हणजे शाहू मोडक.

मोडक नगरचे. १९१८ साली इथल्या एका मराठी ख्रिस्ती घरात जन्मले. मुलगा देखणा, आवाज गोड. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी त्याला 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण केलं, राधा झाली शांता आपटे. मुंबईत तो बोलपट पंचवीस आठवड्यांवर चालला. रौप्यमहोत्सव करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. पुढं १९३९ साली शांतारामबापूंच्या 'माणूस'मध्ये मोडक पोलीस शिपाई झाले, आणि १९४० साली दामले-फत्तेलालांच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर. नगरच्या ख्रिस्ती घरातला तरुण ज्ञानेश्वर म्हणून पडद्यावर उभा राहिला, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं याच जिल्ह्यातलं. त्या काळात यावर कुणी भुवई उंचावली असेल तर ती चित्रपट पाहिल्यावर खाली आली असावी. चेहऱ्यावर इतकी निर्मळ शांतता आणणारा नट मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता गंमत बघा. 'संत ज्ञानेश्वर' आणि 'माणूस' आज पाहायला मिळतात, कधी इथं, कधी तिथं, पण मिळतात. 'श्यामसुंदर' मात्र ॲपवर सोडाच, कितीही धुंडाळलं तरी माझ्या हाती लागलेला नाही. आणि चालला तर तो धोधो होता! पंचवीस आठवडे लोकांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट. 'माणूस' आणि 'संत ज्ञानेश्वर' ज्या कंपनीचे, त्या 'प्रभात'चे चित्रपट उरले त्याला कारणं वेगळी आहेत. कंपनी बंद पडल्यावरही दामल्यांच्या पुढच्या पिढीनं ते आपले मानले आणि त्यांच्यामागं धावाधाव केली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर नावाचा एक झपाटलेला माणूस जुनी रिळं हुडकत देशभर हिंडला. जुनी फिल्म नायट्रेटची, ठिणगीवाचूनही पेट घेणारी. तिच्यात चांदीचा अंश, त्यामुळे कित्येक चित्रपट लोकांनी चांदीच्या लोभानं वितळवून टाकलेले. जपलेलंही सगळं सुखरूप राहिलं असं नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेटच्या कितीतरी मूळ प्रती, 'प्रभात'च्यासुद्धा, एका दिवसात गेल्या. तरी काही चित्रपट वाचले, कारण त्यांच्या दुसऱ्या प्रती कुणीतरी आधीच काढून ठेवल्या होत्या.

म्हणून तो हिशेबनीस आणि त्याचा आकडा यांवर माझा विश्वास बसत नाही. किती जणांनी पाहिला यावरून चित्रपट टिकत असता तर 'श्यामसुंदर' आज घराघरात असता.

नेवाशाला मी अधूनमधून जातो. पैसाचा खांब बघतो. शके १२१२, म्हणजे १२९०. ज्ञानदेव या खांबाला टेकून सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, अशी श्रद्धा. त्यानंतर जे झालं ते मला खांबाइतकंच नवलाचं वाटतं. पोथीवरून पोथी, पोथीवरून पोथी. उतरवताना कुणाचा डोळा लागला, कुणी ओवी गाळली, कुणी स्वतःची घुसडली. तंबूतल्या ऑपरेटरनं चार फूट कापावेत तशी जुनी पानं कुठं गळाली, कुठं जोडली गेली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पैठणला बसून निरनिराळ्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. आजकाल जुन्या चित्रपटाची एकेक चौकट साफ करून नवी प्रत काढतात त्या कामाला मोठं इंग्रजी नाव आहे आणि त्यावर कोट्यवधी खर्च होतात. नाथांनी ते बोरूनं केलं. पण त्यांना ते जमलं याचं कारण प्रती घरोघर होत्या. चुकीच्या का होईना, होत्या. सगळ्या महाराष्ट्राची ज्ञानेश्वरी एकाच सावकाराच्या तिजोरीत असती आणि तो ती दर महिन्याला भाड्यानं वाचायला देत असता, तर नाथांनी ताडून पाहिलं असतं कशाशी?

जुन्या चित्रपटांचं सोडा, अलीकडचे घ्या. दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणवाडीचे, शिकले नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. त्याच कॉलेजात नागराज मंजुळे शिकत होते, तिथंच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कऱ्हाड्यांनी 'ख्वाडा' काढला तो वडिलोपार्जित जमीन विकून. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट. त्याला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, आणि प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कारही. तो दुसरा मला जास्त भावतो. त्या चित्रपटात मेंढरांचं बेंबाटणं, वारा, कुत्र्याचं दूरवरचं भुंकणं आमच्याकडच्या माळावर ऐकू येतं तस्संच येतं.

जमीन विकली की सातबारावर नाव बदलतं, आणि कुणाचं लागलं ते तलाठ्याकडे जाऊन कुणालाही बघता येतं. चित्रपटाचा सातबारा कुठल्या चावडीत मिळतो? पाच वर्षांनी त्याचा कोणता हक्क कुणाकडे आहे, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पुष्कळदा करणाऱ्यालाही वकील गाठावा लागतो. आणि मराठी चित्रपटाची ही दशा ॲपवर सुरू होत नाही, ती टॉकीजमध्येच सुरू होते. कऱ्हाड्यांचा 'टीडीएम' २८ एप्रिल २०२३ ला लागला. खेळ मिळेनात, मिळाले ते भलत्या वेळेला. शेवटी तो मागं घेऊन ९ जूनला पुन्हा आणावा लागला. हिंदीच्या मोठ्या चित्रपटांसाठी चित्रपटगृह आणि ॲप यांच्यात आठ आठवड्यांचं अंतर ठेवायचं असं २०२२ मध्ये ठरलं. मराठी निर्मात्याला आठ आठवडे ही थट्टा वाटत असेल. त्याची लढाई दुसऱ्या शुक्रवारची असते.

खेड्यापाड्यात लोकांनी यावर आपला इलाज शोधला होता, आणि तो चोरीचा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. वीस-तीस रुपयांत नखाएवढ्या कार्डात आठ-दहा सिनेमे, वर देवाची गाणी फुकट. ऊसतोडीला निघालेली पाथर्डी-शेवगावकडची पोरं कोयत्याला धार लावून घ्यायची तशीच कार्ड भरून घ्यायची. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत गावोगाव फिरली. 'सैराट'ला ते सोसलं, लहान चित्रपटाचा त्यात जीव जातो. दुकान गेलं, आता तेच काम टेलिग्रामवर चालतं. मी त्याची तरफदारी करणार नाही. ज्यानं शेत विकून चित्रपट केला त्याच्या ताटातलं ते उचलणं आहे. तरीही मनात एक पापी विचार येऊन जातोच. पन्नास वर्षांनी एखाद्या विसरलेल्या मराठी चित्रपटाची एकुलती एक प्रत सापडलीच, तर ती कुठल्या तरी बराकीतल्या जुन्या मोबाइलात सापडेल. फेकून दिलेल्या, पण कार्ड आत राहिलेल्या.

सरकारी खात्याला नावं ठेवण्यात आपला हातखंडा, म्हणून हेही सांगायला हवं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ते नगरच्या किल्ल्यात, बंदिवासात, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरात. त्यावर श्याम बेनेगलांनी दूरदर्शनसाठी 'भारत एक खोज' केलं, ५३ भाग. त्यात महात्मा फुले झाले सदाशिव अमरापूरकर, म्हणजे पुन्हा नगरचेच. 'अर्धसत्य'मधल्या रामा शेट्टीचा तो थंड डोळा इथं कसा निवळला आहे ते पाहण्यासारखं आहे. ही मालिका मला जेव्हा जेव्हा हवी झाली तेव्हा सापडली, फुकट. चित्र जरा धूसर, पण सापडली. तिच्यावर महिन्याचा हिशेब पाहणारा कुणी बसलेला नाही, हेच तिचं नशीब.

आमच्या शहरात जिल्हा वाचनालय आहे, १८३८ सालचं. वाचनालयानं एकदा पुस्तक विकत घेतलं की प्रकाशकाचा नातू येऊन ते परत मागत नाही. मग कसर लागो, पानं सुटोत, पुस्तक कपाटात असतं. तसंच एक कपाट या जिल्ह्याच्या सिनेमाचं का असू नये? मोडकांचे 'माणूस' आणि 'संत ज्ञानेश्वर', अमरापूरकरांचा '२२ जून १८९७', 'पिस्तुल्या', 'ख्वाडा', कऱ्हाड्यांचाच 'बबन', आणि किल्ल्यात जन्मलेल्या पुस्तकावरची ती मालिका. चोरून नव्हे, रीतसर पत्र लिहून, पैसे मोजून, 'या इमारतीत बसून पाहण्यासाठी कायमची एक प्रत' एवढ्याच परवानगीवर. न्यू आर्ट्स कॉलेज तर शहरातच आहे. गव्हाणवाडी पुण्याच्या रस्त्यावर, शिरूरच्या अलीकडे. पत्र द्यायला माणूस सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला घरी.

हे मी एका पुस्तकवेड्या स्नेह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कपाट मिळेल हो. पण ती डिस्क किती वर्षं टिकते?"

दहा धरा, फार तर. म्हणजे दर पाच-सात वर्षांनी कुणीतरी बसून सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं, जुन्याशी ताडून बघायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं. त्याला एक माणूस लागणार. आणि एवढ्या कामासाठी पगारी जागा मंजूर करून आणायची, तर ते एकनाथांच्या कामापेक्षा अवघड जाईल.