कोष्टक जुळले म्हणून नियम सिद्ध होतो का?

कुंभकोणममध्ये वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ साली हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात मूळ संख्यांची जवळजवळ बिनचूक मोजणी करणारे सूत्र सापडल्याचा दावा केला होता. लहान संख्यांपुरते ते उत्तम जुळे. दावा मात्र टिकला नाही. त्याच विषयात लिटलवुड यांनी १९१४ मध्ये दाखवले की, तोवरच्या सर्व कोष्टकांत गाउस यांचा अंदाज प्रत्यक्ष मोजणीहून अधिक येत असला, तरी पुढे हा क्रम अनंत वेळा उलटतो.

हाच सापळा आज वायदे बाजारासाठी संगणकावर नियम रचणाऱ्यांपुढे आहे. मूळ संख्या निदान बदलत नाहीत. बाजार रोज बदलतो. जुन्या भावांवर शेकडो नियम तपासले, तर एखादा निव्वळ योगायोगानेही नफ्याचा दिसतो. सेबीच्या अभ्यासानुसार २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. म्हणून काही वर्षांचे भाव आरंभीच बाजूला ठेवावेत, नियम पक्का झाल्यावर दलाली व कर वजा करून त्यांवर एकदाच परीक्षा घ्यावी आणि नापास झालेला नियम दुरुस्त करून त्याच भावांवर पुन्हा बसवू नये.