शब्दांचा खुर्दा

परकी भाषा शिकू लागणाऱ्याच्या पहिल्या हालअपेष्टा सर्वांच्या परिचयाच्या असतात; परंतु आरंभ सरल्यानंतर आणि प्रावीण्य येण्यापूर्वी जो लांबलचक मधला मुलूख तुडवावा लागतो, त्याची बखर फारसे कोणी लिहीत नाही. स्पॅनिश भाषक इंग्रजीच्या या मुलखात शिरला म्हणजे तर मोठा विपर्यास घडतो: जे शब्द इंग्रज बालकाला शाळेत घोकावे लागतात ते त्याला जवळजवळ आयते मिळतात, आणि जे त्या बालकाच्या तोंडी दुधाच्या दातांबरोबर येतात त्यांच्यापाशी हा पदवीधर प्रौढ ठेचाळतो.

याचे कारण इतिहासाच्या दप्तरात आहे. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, न्यायासन आणि धर्मपीठ यांचा कारभार कित्येक पिढ्या फ्रेंच व लॅटिन भाषांतून चालला. त्यामुळे विद्या आणि कायदा यांतील शब्दांची सनद त्या भाषांकडे गेली, आणि उठणे, बसणे, घेणे, ठेवणे यांची जुनी वतने मात्र मूळच्या सॅक्सन कुळांकडेच राहिली. स्पॅनिश ही लॅटिनची कन्या. तेव्हा ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘एक्स्टिंग्विश’ हे भारदस्त शब्द दिसताच तिला त्यांत आपले ‘तोलेरार’, ‘पोस्पोनेर’, ‘एक्स्तिंगिर’ हे आप्त ओळखू येतात. या आप्तांत काही तोतये आहेत, नाही असे नाही. स्पॅनिशमधील ‘एक्सितो’ म्हणजे यश, इंग्रजीतील ‘एक्झिट’ म्हणजे बाहेरची वाट. पण अशा तोतयांचा बोभाटा उगाच फार झाला आहे. एकदा चारचौघांत फजिती झाली की तो शब्द मनुष्य जन्मभर विसरत नाही.

खरा उपद्रव निराळाच आहे. वल्लादोलिदकडच्या एका ग्रंथपालबाईंची शब्दसंग्रहाची वही मला एकदा पाहावयास मिळाली. लॅटिन कुळातील शब्द तीत एकेका ओळीत, समोर एकच स्पॅनिश प्रतिशब्द, असे शिस्तीने मांडलेले होते. परंतु ‘पुट’ या इवल्याशा क्रियापदाने मात्र पानेच्या पाने व्यापली होती. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप’ म्हणजे पाहुण्यास उतरवून घेणे, आणि त्यालाच पुढे ‘विथ’ चिकटले की सोसणे. समासात तांबड्या पेन्सिलीची प्रश्नचिन्हे. ‘पोस्टपोन’ म्हटल्याने काम भागत असता हा खटाटोप कशाला, असे बाईंचे म्हणणे. काम भागते हे खरे. पण नुसत्या पुस्तकी शब्दांवर विसंबणाऱ्याची गत खिशात मोहरा असून खुर्दा नसलेल्या गिऱ्हाइकासारखी होते, आणि त्याचे घरगुती बोलणेही सरकारी खलित्याच्या थाटाचे वाटते.

आपण मराठी लोकांनी याला हसू नये. भूक लागते, आग लागते, नाद लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो आणि घाटात मोटार लागते. यांतील ‘लागणे’ म्हणजे नेमके काय, हे परदेशीयाला समजावून सांगण्याची जोखीम मी तरी पत्करणार नाही.

सी. के. ऑग्डेन या इंग्रज विद्वानाने 1930 मध्ये परकीयांच्या सोयीसाठी अवघ्या 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ रचली आणि तीत क्रियापदे ठेवली केवळ 18. संख्या पाहून कोणीही सुखावेल. परंतु वगळलेल्या क्रियापदांचा भार या 18 जणांनी ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ असल्या अव्ययांच्या साहाय्याने वाहावयाचा होता. म्हणजे स्पॅनिश मनुष्याला जे फुकट मिळत होते ते काढून घेऊन जे दुर्घट तेवढेच त्याच्या पदरात टाकलेले! सोपेपणा हा शिकणाऱ्याच्या मातृभाषेवर अवलंबून असतो, हे एवढ्या बुद्धिमान गृहस्थाने पुरेसे जमेस धरले नाही, असे मला वाटते.

पुढे इंग्रजी गद्याचा मानकरी ठरलेला तत्त्वचिंतक जॉर्ज सांतायाना 1863 मध्ये माद्रिद येथे जन्मला, 1872 मध्ये बॉस्टनला आला, आणि इंग्रजी येत नसल्याने त्याला स्वतःहून लहान मुलांबरोबर बालवर्गात बसवण्यात आले. त्याच्या भावी गद्याचे श्रेय कोणी हार्वर्डला खुशाल द्यावे. मी त्यातला मोठा वाटा त्या बालवर्गाला देईन. म्हणून स्पॅनिश भाषकांसाठी शब्दमाला रचणाऱ्या पंडितांस माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी ‘टॉलरेट’ व त्याचे भाऊबंद खुशाल शेवटच्या परिशिष्टात ढकलावेत आणि पहिली शंभर पाने ‘गेट’, ‘पुट’ व ‘टेक’ यांच्या नावे करून द्यावीत.