काचेच्या पेटीतला पाहुणा आणि पाचवा अतिचार



पर्युषण जवळ आलं की बस्तीत व्रतांवर प्रवचनं सुरू होतात. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्यापैकी अनेकींना पाठ असतील: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जीवाला बांधून-कोंडून ठेवणं, मारहाण करणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि त्याचं खाणंपिणं तोडणं. शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर तेव्हा गोठ्यातले बैल आणि गायी असतील. आज आपल्याकडे गोठे राहिले नाहीत. पण गेल्या सहा-सात वर्षांत आमच्या सांगलीच्या घरी जे मुके जीव येऊन गेले, त्यांना पाहून कळलं की हे अतिचार गोठ्यातून उठून फ्लॅटच्या गॅलरीत राहायला आलेत.

पहिला आला पोपट. ओळखीच्या घरातल्या आजी वारल्या आणि पोपट सगळ्यांना नकोसा झाला. पिंजरा एवढासा, की त्याला पंख पसरता येत नव्हते. तसेही ते कातरलेलेच होते. वर्षानुवर्षं भिजवलेली डाळ आणि मिरची एवढंच खाणं. लोक म्हणाले, "सोडून द्या आकाशात, पुण्य लागेल." कातरलेली पिसं जुनी गळून नवी आली की भरून येतात, पण त्याला काही महिने लागतात. तोवर असा पक्षी सोडणं म्हणजे अभयदान नव्हे, त्याला मांजराच्या तोंडी देणं आहे. शिवाय आपल्याकडचे पोपट घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, हे किती घरांत माहीत असतं? आम्ही तो वनखात्याच्या स्वाधीन केला.

मग मोती. समोरच्या इमारतीतलं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं आणि कुत्रा गॅलरीत बांधलेलाच राहिला. वॉचमन आठवण झाली की पोळी टाकायचा. बरगड्या मोजता येत होत्या. असा जीव दिसला की आपल्या हाताला एकच सुचतं, ताट भरून वाढायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं, की बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम पोटभर दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "यात नवीन काय? आठ दिवसांच्या उपवासाचं पारणं आपण मुगाच्या पाण्यावरच सोडतो की!" आणि खरंच, मोतीचं पारणं त्यांनीच करवलं.

बऱ्याच जणी विचारतात, जैन घरात कुत्र्याला काय घालता? नुसता दूधभात पुरत नाही. पण डॉक्टरांच्या सल्ल्यानं नीट आखलेल्या शाकाहारावर कुत्रा जगू शकतो. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो, म्हणजे आमचं स्वयंपाकघर त्याला उलट सोयीचंच पडलं. मनुका-द्राक्षं आणि चॉकलेट तेवढं लांब ठेवायचं. मांजराचं मात्र तसं नाही. त्याच्या शरीराला लागणारे काही घटक मांसातूनच मिळतात. मांजराला वरणभातावर ठेवणं हाही अन्नपाननिरोधच झाला. पिल्लू गोजिरवाणं दिसतं म्हणून घरी आणण्याआधी हे पक्कं लक्षात घ्यावं.

इथपर्यंत घरात कुणाची तक्रार नव्हती. खरी परीक्षा घेतली ती सापानं.

आमच्याच सोसायटीत एक विद्यार्थी भाड्यानं राहायचा. भाडं थकलं, फोन लागेना, तेव्हा मालकांनी खोली उघडली. टेबलावर काचेची पेटी, तीत वाळलेला वर्तमानपत्राचा कागद, कोरडी वाटी आणि एका कोपऱ्यात वेटोळं. वॉचमन काठी घेऊन आला. सासूबाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. "रोज ज्याच्या फण्याला अभिषेक घालता, त्यालाच काठी घालता होय रे?"

सर्पमित्राला बोलावलं. त्यानं पाहताक्षणी सांगितलं, "ताई, हा आपल्याकडचा नाही. बॉल पायथन आहे, आफ्रिकेतला. बिनविषारी." हे अजगर घाबरले की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतात, त्यावरूनच हे नाव पडलं. हौस म्हणून लोक विकत घेतात आणि हौस फिटली की पेटी तशीच पडून राहते. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर असे परदेशी जीव घरात ठेवायचे तर त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. इथं नोंद करायला मालकच गायब. वनखात्याला फोन केला. पावसाळा होता, कृष्णा वाढलेली, त्यांची माणसं पूरपट्ट्यात गुंतलेली. तक्रार लिहून घेऊन ते म्हणाले, थोडे दिवस सांभाळा. आणि नऊ दिवस तो पाहुणा आमच्या पाठीमागच्या खोलीत राहिला.

त्याची अवस्था काय सांगू? पाठीचा कणा वर आलेला, कातडीला घड्या. जुनी कात अंगावर तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहिलेली, डोळ्यांवरसुद्धा. सापाची कात खरं तर मोज्यासारखी सलग निघते. हवा कोरडी असली आणि अंगात पाणी नसलं की ती अशी अडकते. डॉक्टरांनी सांगितलं ते करायला घरात काहीच नवं लागलं नाही. झाकणाला भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा डबा, ओलसर फडकं, एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. दिवसातून एकदा वीस मिनिटं उथळ कोमट पाण्यात ठेवायचं, समोरून हलायचं नाही. कात ओढायची नाही. डोळ्यांवरचीला तर हातही लावायचा नाही, ती पुढच्या कातीबरोबर आपोआप निघेल. बाळंतिणीच्या खोलीत जेवढी कामं असतात, तेवढीच ही.

वाटीत पाणी मात्र आमच्याच माठातलं, गाळलेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं तोंड पाण्याला लावलं आणि बराच वेळ पीत राहिला. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, त्याला आपण चमत्कार म्हणतो. दूध हे सापाचं अन्नच नाही. आधी तहानेनं कासावीस केलेला जीव समोर येईल ते पितो.

आता तुमच्या मनातला प्रश्न. खायला काय घातलं?

काहीच नाही. डॉक्टरांनीच मनाई केली होती. शरीरात पाणी नसताना अन्न दिलं तर त्याला ते पचणार नाही. या जातीचे अजगर महिनोन्‌महिने न खाता राहू शकतात. आधी पाणी आणि ऊब, अन्नाचं पुढं बघू. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "तुमच्याकडं आला आणि उपवासाला बसला!"

पण सासूबाई हसल्या नाहीत. रात्री माळ झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "अगं, आपण उंदीर घालणार नाही, ठीक. पण पुढं जो कुणी त्याला सांभाळेल तो घालणारच. कृत नाही, पण कारित आणि अनुमोदना? त्याचा दोष कुठं जाईल?"

प्रश्न साधा नाही. श्रावकानं मांसाहारी जीव पाळू नयेत, ही शिकवण आपल्याकडे जुनी आहे. आणि दाराशी आलेल्या जीवाला तहानेनं मरू देऊ नये, हीही तितकीच जुनी. दिल्लीला लाल मंदिरात पक्ष्यांचं रुग्णालय आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तिथं शिकारी पक्ष्यावरही उपचार होतात, पण मुक्कामी ठेवतात ते शाकाहारी पक्ष्यांनाच. जखम बांधायची, पण मांसाची चूल आपण मांडायची नाही, अशी ती रेघ. मी आईंना तेच सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "रेघेच्या पलीकडचं काम जो करतो, त्याला मग आपण कमी लेखायचं नाही."

हे वाक्य मला नऊ दिवसांतलं सगळ्यात मोठं वाटतं. तो सर्पमित्र रोज संध्याकाळी पुराच्या पाण्यातून वाट काढत यायचा. त्याच्या डब्यात काय असतं ते आम्ही विचारलं नाही. त्याला चहा दिला, आणि निघताना आई त्याला "जपून जा बाळा" म्हणायच्या. आपला आहार शुद्ध आहे म्हणून आपलीच दया मोठी, असं ज्यांना वाटतं त्यांनी अशा माणसाबरोबर एक संध्याकाळ घालवावी.

आणि उंदराचा हिशोब कुणी मांडायचाच असेल, तर तो आमच्या दारापासून मांडू नये. दुकानात पैसे मोजून तो साप विकत घेतला, तिथून मांडावा.

कमठाच्या पंचाग्नीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. त्या धगीत सगळ्यांना लाकूड दिसत होतं. लाकडाच्या आत जीव आहे, हे पार्श्वकुमारांनी ओळखलं. मोती आपल्याला पाहून शेपूट हलवतो, म्हणून त्याची दया करणं सोपं जातं. साप ओळख दाखवत नाही, उपकार मानत नाही, अंगाखांद्यावर खेळत नाही. दहाव्या दिवशी वनखात्याची माणसं त्याला घेऊन गेली, तेव्हा त्यानं वळून पाहिलं नाही. सासूबाईंनी डबा धुऊन उन्हात ठेवला आणि णमोकार म्हटला.

या पर्युषणात एवढं तरी करूया. मुलांच्या वाढदिवसाला जिवंत भेट नको. कासव ठेवलं की लक्ष्मी येते, या समजुतीपायी तारा कासव पेटीत कोंडणं हा अपराध आहे, कायद्यानंही आणि व्रतानंही. नकोशी झालेली परदेशी कासवं कृष्णेत सोडू नका, नदीतल्या मूळच्या जीवांचं खाणं आणि जागा ती बळकावतात. वन्य जीव अडचणीत दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लक्षात ठेवा.

आणि आज संध्याकाळच्या जेवणानंतर फेरी मारायला उतराल, तेव्हा आपल्या इमारतीतल्या बंद घरांच्या गॅलऱ्यांकडे एकदा मान वर करून बघा. कुठे साखळी दिसते का, पिंजरा दिसतो का. दिसला, तर त्यातली पाण्याची वाटी भरलेली आहे का, ते विचारायला जिना चढा.

जय जिनेंद्र.