अर्धसत्य आणि माझी एक थप्पड

आमचं घर दीपनगरला, थर्मलच्या कॉलनीत. रात्री कधी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की अख्खी कॉलनी जागी व्हायची. लहानपणी मी घाबरायचो. पप्पा बॉयलरला ड्यूटी करायचे. ते म्हणायचे, "आवाज झाला ते बरं झालं. प्रेशरला वाट मिळाली नाही, तर जिथं ट्यूब पातळ तिथून फुटतं."

हे वाक्य मला हॉस्टेलमध्ये 'अर्धसत्य' बघताना आठवलं. त्या रात्री खरं तर 'सिंघम' लावायचा होता. फाईलच उघडेना! एक जण म्हणाला, "हा लाव भो, यात पण पोलीसच आहे."

गोविंद निहलानींचा हा सिनेमा १९८३ चा. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. नायिका आपल्या खान्देशची, शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील. ओम पुरींना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'सिंघम'मध्ये हिरोने कानाखाली वाजवली की आपण शिट्ट्या मारतो. इथे शिट्टी मारताच येत नाही. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाजही चढवत नाही. त्याला माहीत आहे, एका फोनवर काम होतं. समोर उभा असलेला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर काही करू शकत नाही. ओम पुरी त्या वेळी डायलॉग मारत नाहीत. नुसता जबडा आवळतात. लहानपणी बापापुढे गिळलेला राग, वरिष्ठांपुढे गिळलेला राग, सगळा त्या चेहऱ्यावर साचत जातो. आणि मग तो निघतो कुणावर? लॉकअपमधल्या एका भुरट्या चोरावर. रेडिओ चोरणाऱ्यावर. तो मार खाऊन मरतो.

रूममध्ये सगळे गप्प. मी जरा जास्तच.

सेकंड इयरला एका व्हायव्हात मला सगळ्यांसमोर उभं करून झापलं होतं. मी 'सॉरी सर' म्हणून बाहेर आलो. त्याच संध्याकाळी माझा मोबाईल सापडेना. मेसमधला पोऱ्या खोलीत डबा ठेवून गेला होता. मी त्याची कॉलर धरली आणि एक ठेवून दिली. चार जण बघत होते, कुणी अडवलं नाही. उलट मला त्या क्षणी बरं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. तासाभराने मोबाईल गादीखाली सापडला.

ती थप्पड त्याच्यासाठी नव्हतीच. व्हायव्हातली होती. वर द्यायची हिंमत नव्हती म्हणून खाली दिली.

शेवटी वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःच पोलीस ठाण्यात हजर होतो. त्याने शेट्टी मेला, पण तो रेडिओवाला काही परत आला नाही.

सिनेमा बघितला तेव्हा परीक्षा चालू होती. सुट्टीनंतर माफी मागू म्हटलं. परत आलो तर पोऱ्या काम सोडून गेलेला. मेसवाल्या काकांनाही त्याचं गाव नीट सांगता आलं नाही.

पप्पांना अजून हे सांगितलेलं नाही. या दिवाळीत सांगणार आहे.